हार्डवेअर बदलानंतर येणारी संगणकाची मंदगती

संगणकाची क्षमता वाढवण्यासाठी रॅम, साठवणयंत्र, प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड बदलल्यानंतर तो अपेक्षेप्रमाणे वेगवान न होता पूर्वीइतकाच किंवा पूर्वीपेक्षाही मंद चालणे, हा संगणकाच्या देखभालीत वारंवार आढळणारा दोष आहे. अशा वेळी नवा भाग सदोष असतोच असे नाही. अनेकदा तो चुकीच्या ठिकाणी बसवलेला असतो, त्याला अनुरूप सेटिंग केलेले नसते किंवा मूळ अडथळा दुसऱ्याच भागात असतो. त्यामुळे भाग परत करण्यापूर्वी किंवा संगणक मोडीत काढण्यापूर्वी क्रमवार तपासणी करणे हितावह ठरते.

मूलतत्त्व

एखादा भाग वेगवान केल्याने होणारा एकूण लाभ, कामाचा किती वेळ त्या भागावर खर्च होतो यावर अवलंबून असतो. समांतर प्रक्रियेच्या संदर्भात जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये केलेल्या मांडणीवरून हे तत्त्व 'अ‍ॅमडालचा नियम' म्हणून ओळखले जाते. उदाहरणार्थ, १० मिनिटांच्या कामातील ८ मिनिटे डिस्क वाचण्यात आणि २ मिनिटे आकडेमोडीत जात असतील, तर दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवूनही त्या कामाला ९ मिनिटे लागतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यासच सरासरी सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने हा विलंब संभवत नाही.

कारणे

रॅम

भिन्न वेगाच्या रॅमपट्ट्या एकत्र बसवल्यास सर्व पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालतात. दोन पट्ट्या काढून त्यांच्या जागी अधिक क्षमतेची एकच पट्टी बसवल्यास साठा वाढतो, परंतु माहितीच्या वहनाचे दोन मार्ग जाऊन एकच उरतो. डीडीआर४-३२०० प्रकारात एका मार्गाची कमाल वहनक्षमता सेकंदाला २५.६ गिगाबाइट, तर दोन मार्गांची ५१.२ गिगाबाइट असते. दोन पट्ट्या कोणत्या खाचांत बसवाव्यात, हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. वेष्टनावर छापलेला वेग मिळण्यासाठी अनेक संचांत बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय सुरू करावा लागतो. अन्यथा रॅम कमी वेगाने चालते.

साठवणयंत्र

नवी एसएसडी बसवूनही ऑपरेटिंग सिस्टीम जुन्या हार्ड डिस्कवरूनच सुरू होत असेल, तर लाभ जाणवत नाही. साटा प्रकारची एसएसडी जुन्या मदरबोर्डवरील ३ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीत लावल्यास ६ गिगाबिट क्षमतेच्या जोडणीच्या तुलनेत तिचा कमाल वेग निम्म्यावर येतो. याउलट, नव्या डिस्कवर माहिती भरल्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम शोधसूची नव्याने तयार करते. त्या काळातील मंदपणा तात्पुरता असून तो आपोआप ओसरतो.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड

कूलर घट्ट न बसल्यास किंवा थर्मल पेस्ट नीट न लागल्यास प्रोसेसर तापतो आणि इजा टाळण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो. नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यानंतर मॉनिटरची केबल मदरबोर्डलाच जोडलेली राहणे, ही सहज घडणारी चूक आहे. योग्य ड्रायव्हर नसल्यास विंडोज प्राथमिक स्वरूपाच्या ड्रायव्हरवर काम चालवते आणि कार्डाची खरी क्षमता वापरात येत नाही.

निदान

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील कार्यक्षमतेच्या विभागात रॅमचा प्रत्यक्ष वेग, वापरलेल्या खाचा आणि डिस्कचा वापर दिसतो. डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तर अडथळा साठवणयंत्रात किंवा रॅमच्या अपुरेपणात असण्याची शक्यता असते. तापमान मात्र वेगळ्या निरीक्षक प्रोग्रॅमने तपासणे सोयीचे ठरते. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा. अनेक बदल एकदम केल्यास खरे कारण उमगत नाही. शंका कायम राहिल्यास जुना भाग पुन्हा बसवून तुलना करता येते. याकरिता नव्या भागाची खात्री होईपर्यंत जुना भाग टाकून देऊ नये.

दक्षता

हार्डवेअर बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या माहितीची प्रत स्वतंत्र साठवणयंत्रावर घ्यावी. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कच्या बाबतीत हे विशेष आवश्यक आहे. प्रोसेसर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर अथवा बायोस अद्ययावत केल्यावर संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागू शकतो. ती उपलब्ध नसल्यास डिस्क सुस्थितीत असूनही तिच्यातील छायाचित्रे व दस्तऐवज कायमचे दुरावू शकतात. संगणक उघडण्यापूर्वी वीजपुरवठा पूर्णपणे तोडावा आणि स्थितिक विजेपासून भागांचे रक्षण करण्यासाठी अंगावरील विद्युतभार धातूच्या पृष्ठभागास स्पर्श करून काढून टाकावा.

हेही पाहा

रॅम
हार्ड डिस्क
ऑपरेटिंग सिस्टीम
अ‍ॅमडालचा नियम