काळ्या रानात घर बांधताय? आधी पायाखालची माती ओळखा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. चार हंगामांची शिल्लक, सोसायटीचे कर्ज, घरकुलाचा हप्ता, वेळ पडली तर घरातला दागिना, एवढे सगळे एका घरात जाते. आणि मग पहिला पावसाळा सरता सरता दाराच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी चीर चढू लागते. आधी केसाएवढी, पुढच्या वर्षी बोटाएवढी. दार चौकटीत अडू लागते. घरातल्या बाईला हे सर्वांत आधी कळते, कारण दिवसातून पन्नास वेळा ते दार तिलाच लोटावे लागते.

अशा वेळी बोल लागतो गवंड्याला, नाहीतर सिमेंटला. कधी दोष त्यांचा असतोही. पण काळ्या जमिनीवरच्या घरांत बहुतेक वेळा खोड भिंतीत नसते. ती भिंतीखाली असते.

पिकते ती काळी, वसते ती पांढरी

जुन्या माणसांनी गावच्या जमिनीचे दोन भाग मानले होते. जिथे पिकते ती काळी आणि जिथे गाव वसते ती पांढरी. पेरायला एक माती आणि राहायला दुसरी, हा भेद त्यांनी अनुभवाने ओळखला होता. पुढे कुटुंबे वाढली, पांढरी पुरेना. नवे घर रस्त्याच्या कडेला किंवा शेतात, म्हणजे काळीतच बांधणे आले. त्यात गैर काही नाही. मात्र पाया जर पांढरीवर घालत होतो तसाच घातला, तर घर तडकणार हे ठरलेले.

काळी माती आपल्या बेसाल्ट खडकाची, म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. याचा कण म्हणजे जणू पोथीच्या पानांची चळत. पाणी आले की ते पानापानांमध्ये शिरते आणि पाने एकमेकांपासून दूर सरतात. माती फुगते. ऊन लागून पाणी गेले की पाने पुन्हा मिटतात. माती आकसते आणि रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याच गुणामुळे ती ओल धरते आणि कोरडवाहू ज्वारी, कापूस, हरभरा पोसते. पिकाला जो गुण, तोच घराला अवगुण.

हलक्या घरालाच धोका जास्त

मातीवर बांधकाम कसे उभे राहते याचे शास्त्र आहे. त्याला मृदा यांत्रिकी म्हणतात. कार्ल टेरझागी या अभियंत्याने १९२५ साली या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून या शास्त्राला आजचे रूप आले. त्याचे सार तीन प्रश्नांत सांगता येते. माती ओझे पेलेल का? ओझ्याखाली ती किती खचेल? आणि पाणी आले-गेले तर ती काय करील?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर सोपे आहे. चिखलात नुसता पाय ठेवला तर तो रुततो, फळी टाकून उभे राहिले तर रुतत नाही. ओझे तेच, पण ते जास्त जागेवर पसरले. पाया भिंतीपेक्षा रुंद घेतात तो यासाठीच.

आपल्याला नडतो तो तिसरा प्रश्न. थोडा हिशेब करून पाहा. ९ इंची विटांची १० फूट उंच भिंत, वर स्लॅब, खाली जोते, असे सारे धरले तर भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण साडेतीन टन ओझे येते. पाया अडीच फूट रुंद असेल तर खालच्या मातीवर दर चौरस मीटरला सुमारे ५ टन भार पडतो. जास्त फुगणारी काळी माती कोंडली गेली तर दर चौरस मीटरला १० टनांहून अधिक जोराने वर रेटू शकते. म्हणजे एकमजली घर तिला सहज उचलते.

घर पत्र्याचे असेल तर ओझे आणखी कमी आणि मातीला उचलणे आणखी सोपे. “घर हलकेच आहे, पाया उथळ घेतला तरी चालेल,” ही समजूत काळ्या जमिनीत उलटी पडते ती अशी.

सारे घर एकसारखे वर उचलले आणि एकसारखे खाली बसले असते तरी फारसे बिघडले नसते. पण पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीखालची माती आधी भिजते, मधली नंतर. उन्हाळ्यात बाहेरची आधी सुकते, मधली ओलीच राहते. एक बाजू वर, एक बाजू खाली, असे वर्षानुवर्षे चालते. वीट दाब सोसते, पण ताण आणि पीळ सोसत नाही. ती दार-खिडकीच्या कोपऱ्यात, म्हणजे भिंत जिथे दुबळी तिथे तडकते.

म्हणून एकच गोष्ट मनाशी पक्की करावी. पेरणीसाठी आपण जसा वाफसा पाहतो, तसा पायालाही ओलीचा मेळ लागतो. फरक एवढाच, की पायाखालची ओल बारा महिने एकसारखी राहिली पाहिजे. पुढच्या सर्व सूचनांचे मूळ यातच आहे.

माती कशी तपासावी?

घराची जागा ठरली की आधी एक खड्डा घ्यावा. निदान ८ ते १० फूट खोल. कोणता थर किती खोलीवर लागला ते लिहून ठेवावे: काळी कुठे संपली, चुनखडीचे खडे कुठे लागले, मुरूम कुठे सुरू झाला. जवळ विहीर असेल तर तिच्या उघड्या काठावर हेच थर दिसतील. खोल खड्ड्याच्या कडा ढासळतात, म्हणून आत एकट्याने उतरू नये आणि माती काठाशी रचू नये.

दुसरी परीक्षा घरी करता येते. पायाच्या खोलीवरची माती कडक वाळवून कुटावी आणि बारीक चाळणीने चाळावी. सारख्या आकाराच्या दोन अरुंद, सरळ काचेच्या बाटल्यांत ती सारखीच घालावी, दोन-दोन चमचे. एकीत पाणी व दुसरीत रॉकेल भरून काडीने ढवळावे आणि एक दिवस-रात्र हलवू नये. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी पट्टीने दोन्हींतील मातीच्या थराची उंची मोजावी. रॉकेलात १ इंच आणि पाण्यात दीड इंचापेक्षा कमी भरली तर फुगणे कमी. दीड ते दोन इंच भरली तर मध्यम. दोन इंचांच्या वर गेली तर माती जास्त फुगणारी समजावी, आणि तीन इंचांच्याही वर गेली तर अतिशय वाईट. प्रयोगशाळेत हीच परीक्षा मोजमापाच्या नळ्यांत करतात. घरच्या परीक्षेवरून अंदाज येतो, पण पायाचा अंतिम निर्णय अभियंत्याला विचारूनच घ्यावा. रॉकेल मुलांपासून आणि चुलीपासून दूर ठेवावे, हे सांगायला नकोच.

जशी खोली तसा पाया

काळीचा थर ४-५ फुटांत संपत असेल तर विचार करायचे कारण नाही. ती पूर्ण काढून पाया कठीण मुरमावर टेकवावा. दोन फूट जास्त खोदाईचा खर्च पुढच्या डागडुजीपुढे काहीच नाही.

थर त्याहून खोल असेल तर चर रुंद व खोल घेऊन तळाशी सुमारे ३ फूट चिकण मुरूम भरतात. तो ६-६ इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने ठोकून बसवावा. इथे एक चूक नेहमी होते. मुरमाऐवजी नुसती वाळू किंवा सुटे दगड टाकतात. काळीत खणलेला असा चर म्हणजे विहीरच! त्यात पाणी साठते आणि पायाला तळातून भिजवत राहते. भरणीचा मुरूम न फुगणारा हवा, तसाच अंगचा चिकटही हवा. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कत्ती यांनी फुगणाऱ्या मातीवर दीर्घकाळ संशोधन करून अशा चिकट पण न फुगणाऱ्या मातीच्या थराची पद्धत मांडली. सुमारे १ मीटर जाडीचा असा थर खालच्या काळीचे फुगणे आवरून धरतो. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखालीही ही पद्धत वापरतात.

काळी १०-१५ फूट किंवा त्याहून खोल असेल तर सरळ चराचा पाया महाग पडतो. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने एक वेगळी पद्धत विकसित केली. घराच्या कोपऱ्यांत व भिंतींच्या जोडांवर गिरमिटाने साधारण फूटभर रुंदीची भोके घेतात आणि तळाशी खास अवजाराने लोट्याच्या पोटासारखा फुगवटा कोरतात. सळया सोडून त्यात काँक्रीट भरले की जमिनीत घट्ट रुतलेला खांब तयार होतो. खोल काळ्या मातीत हे खांब किमान साडेतीन मीटर, म्हणजे सुमारे साडेअकरा फूट खोल नेतात. तिथे ऋतूंप्रमाणे होणारी हालचाल जवळजवळ थांबलेली असते. खांबांच्या डोक्यावर सळयांचा पट्टा घालून त्यावर भिंत उचलतात. पट्टा मात्र जमिनीवर टेकवत नाहीत. खाली ८ सेंटीमीटर तरी पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी पट्ट्याला रेटत नाही.

पाया कोणताही असो, खोदाई कोरड्या दिवसांत करावी. चर उघडा पडून उन्हाने तडकू देऊ नये आणि वळवाच्या पावसाने भरू देऊ नये. खोदला की लगेच भरावा. जोत्यात खोदाईची काळी माती मुळीच टाकू नये. भरणीचे पैसे वाचतात, पण दोन वर्षांत शहाबादी फरशी खोलीच्या मध्यात फुगून येते. जोत्यात मुरूमच भरावा.

पाणी घरापासून लांब

उत्तम पायासुद्धा घरच्या पाण्याने बिघडतो. म्हणून एवढे पाळावे:

घराभोवती ३ ते ४ फूट रुंद फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा करावा आणि त्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडू न देता पन्हळाने लांब न्यावे. न्हाणीचे व भांडी घासण्याचे सांडपाणी पक्क्या गटाराने परसातल्या झाडांना द्यावे. शोषखड्डा भिंतीला खेटून घेऊ नये. पाण्याच्या टाकीची किंवा नळाची गळती त्याच दिवशी बंद करावी. एकाच कोपऱ्यात सतत मुरणारे पाणी तोच कोपरा उचलते.

झाडाचे उलट असते. त्याची मुळे ओल शोषून घेतात आणि त्या बाजूची जमीन बसते. वाढल्यावर झाड जेवढे उंच होईल, निदान तेवढ्या अंतरावर ते लावावे. दारात तुळस शोभते, पण निलगिरी किंवा वड-पिंपळ तिथे नको.

पांढरीवरही जपून

गावठाणातली जुनी जागा मिळाली म्हणजे सारे निभावले, असेही नाही. पांढरी म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या पडक्या घरांची, राखेची, केराची भर. शिवाय जुन्या वाड्यांतून धान्याची पेवे असत. बुजवलेले किंवा विसरलेले पेव भिंतीखाली आले तर तिथे पाया खचतो. चर खोदल्यावर पहारीने ठिकठिकाणी ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला किंवा पहार सहज खाली गेली, तर ती जागा पूर्ण उकरून भरावी. जाणत्या म्हाताऱ्यांनाही विचारावे. पेव कुठे होते हे त्यांना आठवत असते.

आणखी एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद, आणि भिंतींना एकमेकींशी बांधणारे काहीच नाही, अशी ती घरे होती. म्हणून जोत्याच्या पातळीला एक आणि दार-खिडक्यांच्या वर एक, असे सळयांचे अखंड काँक्रीट पट्टे साऱ्या भिंतींवरून फिरवावेत. जमीन थोडी हलली तरी घर एका पेटीसारखे एकत्र राहते. हे पट्टे काळीच्या हालचालीतही उपयोगी पडतात, मात्र खोल पायाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

चिरा पडल्याच असतील तर

लगेच सिमेंट थापू नका. चिरेवर आडवी प्लॅस्टरची पातळ पट्टी लावून तिच्यावर तारीख लिहा आणि उन्हाळा-पावसाळा एक फेरा पाहा. चीर एका ऋतूत उघडत आणि दुसऱ्यात मिटत असेल तर करामत मातीची आहे. आधी पागोळ्या, गटार, गळती आणि घराभोवतीचा पट्टा ठीक करा. वर्षभर चीर हलली नाही तरच बुजवा. भिंत ओळंब्यातून बाहेर गेली असेल किंवा तुळई भिंतीतून सरकत असेल, तर मात्र एक दिवसही न थांबता माणसे बाहेर काढा आणि अभियंत्याला दाखवा.

पाया दिसत नाही म्हणून त्यात काटकसर करण्याचा मोह होतो. रंग, जाळी, नक्षी हे सारे पुढच्या दिवाळीला करता येईल. पाया पुन्हा घालता येत नाही. आपल्या काळीची खोड आपल्याइतकी कोणाला ठाऊक आहे? ती कधी भेगाळते आणि कधी वाफशावर येते, हे आपण दरसाल पाहतो. पेरताना वापरतो ते ज्ञान घर बांधतानाही वापरले, तर दारे अडणार नाहीत आणि भिंती उभ्या राहतील.