नवरा विरोधी बाकावर, बायको मुख्यमंत्री

प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघाली की माजी नगरसेवकांचे बॅनर रातोरात बदलतात. प्रभाग महिलांसाठी राखीव झालेला असतो. साहेबांचा हात जोडलेला फोटो मोठा, शेजारी सौ. आणि खाली 'भावी नगरसेविका'. यावर विनोद करून झाले, अग्रलेख लिहून झाले. पण या थट्टेत आपण एक गोष्ट धरूनच चालतो: पुढाऱ्याची बायको म्हणजे बाहुलीच. तिचं आडनाव आधी बघायचं, काम नंतर. बहुधा बघायचंच नाही.

सुचेता कृपलानींचं हेच झालं. स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये 'देशातील पहिल्या महिला मुख्यमंत्री' एवढ्या एका ओळीत त्या उरल्या आहेत. बाकी आचार्य कृपलानींच्या पत्नी.

१९३६ साली लग्न झालं, तेव्हा सुचेता मजुमदार बनारस हिंदू विद्यापीठात घटनेचा इतिहास शिकवत होत्या. आचार्य वयाने वीस वर्षांनी मोठे. घरच्यांचा विरोध होता, आणि गांधीजींचाही. लग्नामुळे आपला उजवा हात जाईल अशी गांधीजींना धास्ती. एका कार्यकर्त्याऐवजी तुम्हाला दोन मिळतील, असं सुचेताबाईंनी त्यांना सुनावल्याचं सांगतात. पुढे ते खरं झालं. बेचाळीसच्या आंदोलनात त्या भूमिगत राहून काम करत होत्या, सेहेचाळीसच्या दंगलींनंतर नौखालीत होत्या. १४ ऑगस्ट १९४७च्या रात्री संविधान सभेचं कामकाज त्यांनी गायिलेल्या 'वंदे मातरम्'ने सुरू झालं. त्या वेळी आचार्य काँग्रेसचे अध्यक्ष होते, हे शंकेखोरांनी जरूर नोंदवावं. पण सुचेताबाई त्या सभेच्या सदस्यही होत्या.

खरा निकाल मतपेटीने दिला. १९५२च्या पहिल्या निवडणुकीत दोघंही आचार्यांनीच काढलेल्या किसान मजदूर प्रजा पक्षातर्फे उभे होते. आचार्य फैजाबादमध्ये पडले. सुचेताबाईंनी नवी दिल्लीत नेहरूंच्या नात्यातल्या मनमोहिनी सहगल यांना हरवलं, तेही नेहरूंची लाट असताना. नवऱ्याच्या नावावर मतं मिळत असती तर ती आधी नवऱ्याला मिळाली असती!

पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. आचार्य विरोधातच राहिले. बाई काँग्रेसमध्ये परतल्या आणि १९५७ला नवी दिल्लीतून काँग्रेसतर्फे निवडून आल्या. आचार्यांनी १९६२ला उत्तर मुंबईत नेहरूंचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना आव्हान दिलं आणि हार पत्करली, ती लढत जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. मग अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत आले आणि ऑगस्ट १९६३मध्ये त्यांनी नेहरू सरकारवर लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबरला, त्यांच्या पत्नीने उत्तर प्रदेशच्या काँग्रेसी मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. आज अशा घरात दोन वेगळे झेंडे दिसले की 'सेटिंग' म्हणून आपण मोकळे होतो. तिथे तशी सोय नव्हती. पंतप्रधानांना जाहीरपणे धारेवर धरणारा नवरा ही त्या पक्षात बाईंची अडचणच होती.

तरी उगाच आरती ओवाळायला नको. ज्येष्ठ नेत्यांनी सत्तापदं सोडून पक्षाचं काम करायचं, या कामराज योजनेत मुख्यमंत्री चंद्रभानू गुप्तांना पद सोडावं लागलं, गुप्ता आणि कमलापती त्रिपाठी यांच्या गटांत रस्सीखेच सुरू झाली, आणि त्यात गुप्ता गटाने बाईंचं नाव पुढे केलं. म्हणजे हे पद गटबाजीतूनच आलं. पण त्या काही आयत्या आणून बसवलेल्या नव्हत्या. काँग्रेसचं सरचिटणीसपद त्यांनी सांभाळलं होतं आणि १९६०पासून त्या लखनौत मंत्री होत्या.

त्या मुख्यमंत्री असताना राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, तो ६२ दिवस चालला. बाई पगारवाढ द्यायला तयार झाल्या नाहीत. शेवटी संघटनांनाच तडजोडीला यावं लागलं. खंबीर प्रशासक हा लौकिक त्यांना इथूनच मिळाला. कारकुनाच्या घरातून बघितलं तर मात्र यात कौतुकासारखं काही नाही. महागाईचे दिवस, त्यात दोन महिने घरात पगार नाही. माझ्या मते बाईंनी तिथे ताणलं जरा जास्तच. पण तो दोषही त्यांच्याच नावावर मांडावा लागेल, आचार्यांच्या नाही.

मार्च १९६७मध्ये त्या मुख्यमंत्रिपदावरून उतरल्या. त्याच वर्षी गोंड्यातून त्या पुन्हा लोकसभेत गेल्या, काँग्रेसच्याच तिकिटावर. आचार्य तेव्हाही काँग्रेसच्या बाहेरच होते.