डहाणूकर ते पुलगेट, बारा महिने

जूनचा पहिला पाऊस सायकलवाल्याने एखाद्या दुकानाच्या वळचणीला उभं राहून पाहावा. प्रश्न भिजण्याचा नाही, रस्त्याचा आहे. कोरड्या महिन्यांत डांबरावर गाड्यांचं तेल, टायरची झीज आणि धूळ बसत आलेली असते. पहिल्या सरीबरोबर हे सगळं वर येतं आणि त्याचा बुळबुळीत थर होतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत कर्वे पुतळ्याच्या चौकात दुचाक्या आडव्या होताना दिसतात. पाऊस दणकून पडला तर रस्ता धुऊन निघतो आणि त्याच ओल्या डांबरावर टायर पुन्हा चांगला धरतो. भीती बाळगायची ती भुरभुरीची. ती हा थर भिजवते, वाहून मात्र नेत नाही.

मी डहाणूकर कॉलनीतून कॅम्पातल्या ऑफिसला सायकलने जाते. कर्वे रस्ता, नळ स्टॉप, म्हात्रे पूल, दांडेकर पूल, सारसबाग, स्वारगेट, सेव्हन लव्हज चौक, मग गोळीबार मैदानावरून पुलगेट. आठ-नऊ किलोमीटर होतात. "पावसात कशी जातेस? उन्हात कशी जातेस?" हे मला सतत विचारलं जातं. ऊन, पाऊस, थंडी यांच्याशी जमवून घेता येतं, ते फार अवघडही नाही. माणसाला सायकलवरून उतरवतो तो रस्ता, आणि प्रत्येक ऋतूत त्याचं वेगळं दुखणं बाहेर येतं.

पावसाळ्यात ते सर्वांत स्पष्ट दिसतं. ओल्या डांबरावर सायकल सहसा घसरत नाही. ती घसरते ड्रेनेजच्या लोखंडी झाकणावर, झेब्रा क्रॉसिंगच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवर, पुलाच्या सांध्यातल्या धातूच्या पट्टीवर आणि जूनमध्ये गुलमोहराखाली पडलेल्या पाकळ्यांच्या चिखलावर. अशा जागी हँडल सरळ ठेवायचं, ब्रेक आधीच दाबून सोडून द्यायचा आणि जागा पार होईपर्यंत वळायचं नाही. पावसाळी गटारांवरच्या काही जाळ्यांच्या सळया रस्त्याला आडव्या असायला हव्यात, त्या उभ्या बसवलेल्या असतात. मोटारीला काही फरक पडत नाही, पण सायकलचं अरुंद चाक दोन सळयांच्या फटीत शिरतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. वेल्डिंग करताना जाळी नव्वद अंशांत फिरवून बसवली असती, तर खर्च तेवढाच आला असता.

साचलेल्या पाण्याबद्दल माझा नियम कडक आहे. ज्या जागेचा तळ मी काल कोरडा पाहिलेला नाही, तिथे आज पाण्यातून सायकल घालत नाही. उतरून कडेने चालत जाते. पाणी उतरावं म्हणून कोणीतरी झाकण उघडून ठेवलेलं असतं आणि एखादा भला माणूस त्या भोकात झाडाची फांदी खोचून जातो. ती फांदी दिसली की तिच्यापासून दोन हात लांब राहायचं.

रिमवर दाबणारे ब्रेक पावसात उशिरा लागतात. ब्रेकचं रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मगच पकड घेतं. त्यामुळे सिग्नल लांबून दिसताच ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यावी लागते. पंक्चरही पावसाळ्यातच जास्त. काचा आणि खिळे वाहत वाहत रस्त्याच्या कडेला येतात, सायकल चालते तीही कडेनेच, आणि ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं. नवी पेठेतल्या ज्या सायकलवाल्या काकांकडे मी चाकं दाखवते, ते चेनला तेल घालू देत नाहीत. "ताई, आधी फडक्यानं पुसा. नाहीतर तुमचं तेल म्हणजे नुसती वाळूला खळ." पावसात चेनवर बारीक वाळू उडते आणि तेलात घट्ट धरून बसते. मग प्रत्येक पॅडलबरोबर ती कड्या आणि फ्रीव्हीलचे दाते झिजवत राहते.

रेनकोट घालायचं मी सोडून दिलं आहे. म्हात्रे पुलापर्यंत आतून घामानेच भिजायला होतं. पुढच्या मडगार्डला रबरी फ्लॅप लावणं जास्त उपयोगाचं, कारण पायातले बूट आभाळातल्या पाण्यापेक्षा स्वतःच्या चाकाने उडवलेल्या पाण्यानेच अधिक भिजतात. ऑफिसचे कपडे, ओढणी, टॉवेल हे सगळं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून कॅरिअरला बांधते. चष्म्यासाठी पुढे झडप असलेली टोपी घालते.

पुण्याचा पाऊस तसा मोठा नाही. वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर, आणि सह्याद्रीकडून पूर्वेला जाल तसा तो कमी होत जातो. हे पुस्तकात वाचणं निराळं आणि सायकलवरून कळणं निराळं. कोथरूडला धो धो, दांडेकर पुलावर शिंतोडे, गोळीबार मैदानावर रस्ता कोरडा, असं जुलैत कितीदा तरी होतं. कर्वे रस्त्यावर मेट्रो आल्यापासून पौड फाट्यापुढे डोक्यावर पुलाचं छत आहे, पण पाऊस थांबल्यानंतरही त्याच्या कडेवरून धारा पडत राहतात, म्हणून तिथे डोळे वर आणि खाली दोन्हीकडे ठेवावे लागतात.

सप्टेंबरचा पाऊस मात्र दुसऱ्या जातीचा. दिवसभर उकाडा, चारनंतर पूर्वेकडून काळं येतं आणि तासाभरात ओढे भरतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जे केलं, ते दांडेकर पुलाच्या आसपासची माणसं विसरलेली नाहीत. सप्टेंबरात आभाळ गडगडू लागलं की मी ऑफिसातच थांबते. त्या पावसाशी जमवून घ्यायचं नसतं.

वाऱ्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि दमवतो तर तोच. जून-जुलैत वारा पश्चिमेचा. सकाळी तो पाठीशी असतो आणि नदीपर्यंत रस्ताही उताराचा, त्यामुळे पॅडल नावाला मारायचं. संध्याकाळी पूल ओलांडला की चढ आणि वारा दोन्ही समोर. ताशी १५ किलोमीटरने जाताना समोरून तेवढाच वारा आला, तर हवेचा रोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. नळ स्टॉपपुढे तरुण पोरं दात-ओठ खात वेग टिकवायला बघतात. तो टिकत नाही. गिअर हलका करावा, कोपर वाकवावेत आणि दहा मिनिटं उशिरा घरी पोचावं.

थंडीत शहराचा खरा आकार कळतो. डिसेंबरच्या पहाटे कर्वे रस्त्यावर साधा स्वेटर पुरतो, पण नदीकडे उतरताना गार हवा अंगावर येते आणि म्हात्रे पुलावर बोटं बधिर होतात. रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून घसरत मुठेच्या पात्रात येऊन साचते. शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूरही वर न जाता तिथेच तरंगतो. दम लागलेला असताना तो धूर छातीभर आत जातो. त्या दिवसांत मी पुलावर मुद्दाम सावकाश जाते.

हिवाळ्याचा मोठा धोका मात्र सूर्य आहे. माझा रस्ता सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला, म्हणजे दोन्ही वेळा खालचं ऊन थेट डोळ्यांत. मला दिसत नाही, त्याहून वाईट हे की माझ्यामागून येणाऱ्या टेम्पोवाल्यालाही दिसत नाही. म्हणून मी भर उजेडातही मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवते. कानटोपीने कान पूर्ण झाकून घेत नाही, कारण मागून काय येतंय हे पुष्कळदा कानांनाच आधी कळतं.

उन्हाळा सांगतात तितका छळत नाही, निदान सकाळी. एप्रिलची हवा कोरडी असते, चालत्या सायकलवर घाम येताक्षणी उडतो. घामाचा लोट सुटतो तो थांबल्यावर. शरीर तापलेलंच असतं आणि वारा बंद होतो. त्यामुळे शेवटचा किलोमीटर हळू जायचं, पोचल्यावर लगेच कपडे बदलायचे नाहीत, थोडा वेळ सावलीत उभं राहायचं. पाठीवरची सॅक कॅरिअरवर गेली तर निम्मा घाम वाचतो. संध्याकाळी तापलेलं डांबर खालून भाजतं, जुन्या पंक्चरची ठिगळं उन्हात सुटतात, आणि कुठल्या चौकात झाड उरलं आहे हे माहीत असावं लागतं. सिग्नलच्या पाऊण मिनिटात सावली असली तर माणूस ताजा होतो, नसली तर शिजतो. रस्तारुंदीत झाड गेलं की सायकलवाल्याचा एक थांबा जातो, असं मी मोजते.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्या काळात खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे कामगार सायकलवरून पाळीला जात. शहराचा नवा सायकल आराखडा २०१७ साली मंजूर झाला. काही रस्त्यांवर मार्गही आहेत, पण त्यांवर मोटारी उभ्या असतात. सायकलींचा विषय निघाला की चर्चा हेल्मेट, गिअर आणि रविवारच्या सिंहगडाची होते. सकाळी सहाला मला रस्त्यात भेटतात ते मात्र रात्रपाळी संपवून वारज्याकडे परतणारे वॉचमन, पेपर टाकणारी मुलं, करवत गोणपाटात गुंडाळून निघालेले सुतार. त्यांच्या सीटवर दुधाची रिकामी पिशवी चढवलेली असते, मागे दिवा क्वचितच असतो. त्यांना ऋतू निवडता येत नाही.

आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या ताई कर्वेनगरहून सायकलने येतात. चार घरं करतात आणि पावसाळ्यात एक कोरडी साडी पिशवीत बांधून आणतात. पहिल्या तीन घरांत ओल्या साडीनेच पोळ्या लाटायच्या आणि चौथ्या घरी न्हाणीघर वापरू देतात म्हणून तिथे साडी बदलायची, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. माझ्या ऑफिसात कपडे बदलायला खोली आहे, ओलं वाळत घालायला दोरी आहे. ती नसती तर मीही जूनमध्ये सायकल जिन्याखाली लावून ठेवली असती. गेल्या पावसाळ्याआधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तळमजल्यावरच्या बंद न्हाणीघराचा विषय काढला. थोडी कुरकुर झाली, पाण्याच्या बिलाचं विचारलं गेलं, पण ठराव झाला. आता तिथे दोन खुंट्या, एक दोरी आणि पिवळा बल्ब आहे. किल्ली वॉचमनकडे असते आणि ताईंच्या बरोबरीने इतर तिघीजणीही ती मागून घेतात.