अडीच फुटांचा हिशेब

७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. न्हाणीघराचं दार साधारण एवढंच रुंद असतं. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला नेणाऱ्या आपल्या शकुंतला रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतरही एवढंच. त्याच स्टेशनातून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाचं माप १६७६ मिलिमीटर, साडेपाच फूट. फरक बरोबर तीन फुटांचा. अकोल्याला तिसरंच माप होतं, १००० मिलिमीटरचं. ती खांडव्याची मीटर गेज गाडी मेळघाट चढताना धूळघाटात गोल वळसा घेऊन आपल्याच रुळांना ओलांडून पुढे जायची. एवढ्याशा वऱ्हाडात तीन मापांच्या आगगाड्या नांदत होत्या.

आता शकुंतलेची लांबी. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३. एकूण १८९. रूळ दोन, म्हणजे नुसतं लोखंड ३७८ किलोमीटर. हे सगळं अंथरलं कशासाठी? कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथून मुंबईला, मुंबईहून बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यांत. त्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीनं १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. कापूस मँचेस्टरला गेला आणि गाडीचं वाफेचं इंजिन मँचेस्टरहून आलं. बनावट १९२१ची. १९२३पासून ते इथं जे राबलं, ते १५ एप्रिल १९९४पर्यंत. त्यानंतर डिझेल इंजिन आलं.

म्हणजे ७१ वर्षं! जरा हिशेब करून पाहू. समजा, या इंजिनानं वर्षातले ३०० दिवस, दिवसाला मूर्तिजापूर ते अचलपूर एवढी एकच खेप केली. ७१ गुणिले ३०० गुणिले ७६ म्हणजे १६ लाख १८ हजार ८०० किलोमीटर. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर आहे. तेवढ्या अंतरात चंद्रावर दोनदा जाऊन परत आलो असतो, आणि उरलेल्या ८१ हजारांत पृथ्वीला दोन प्रदक्षिणाही झाल्या असत्या. ताशी २० किलोमीटरनं, कुठंही न थांबता, हे अंतर कापायला नऊ वर्षांहून जास्त लागली असती. शिटीसह.

शकुंतलेची चेष्टा झाली ती याच वेगावरून. ७६ किलोमीटरला चार तास, म्हणजे ताशी १९. जपानच्या तोहोकू मार्गावरची बुलेट ट्रेन ताशी ३२० किलोमीटर पळते. त्या वेगानं मूर्तिजापूरहून निघाल्यावर सव्वाचौदा मिनिटांत अचलपूर. आपली गाडी तेवढ्यात पहिले साडेचार किलोमीटर कापायची.

पण त्याच जपानात तोयामा प्रांतात कुरोबे नदीच्या दरीत एक गाडी आहे. तिच्या रुळांचं माप ७६२ मिलिमीटर. मिलिमीटरभरही इकडेतिकडे नाही. वीजप्रकल्पाचं सामान आणि मजूर न्यायला ती बांधली. पुढे लोकच हौसेनं बसू लागले, आणि १९५३पासून ती रीतसर प्रवासी गाडी झाली. पूर्ण मार्ग २०.१ किलोमीटर, बोगदे ४१, बहुतेक डबे बाजूंनी उघडे. एवढ्याशा अंतराला साधारण ८० मिनिटं लागतात, म्हणजे ताशी १५. आपली शकुंतला तिच्यापेक्षा वेगवान होती! तरी तिथं लाखो पर्यटक तिकीट काढतात आणि गाडी हळू चालते म्हणून कोणी कुरकुर करत नाही.

कुरोबे थंडीत बर्फामुळे बंद असते. मग जपानी हौशी उत्तरेकडे आओमोरी प्रांतात त्सुगारूला जातात. तो मार्ग २०.७ किलोमीटरचा आणि स्टेशनं १२. डिसेंबर ते मार्च डब्यात कोळशाच्या शेगड्या पेटतात. बाहेर बर्फ, आत शेगडीवर वाळवलेली माकुल भाजतात आणि लोक ती चघळत बसतात. शेगडीच्या डब्याचे पैसे भाड्याहून वेगळे. ही प्रथा १९३०पासूनची.

जपान लांब वाटत असेल तर कालका-सिमला घ्या. १९०३ साली सुरू झालेला तो मार्गही ७६२ मिलिमीटरचाच. ९६ किलोमीटरला पाच तास, म्हणजे ताशी १९. अगदी शकुंतलेचाच वेग. त्याला २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. आपल्या मार्गाची लांबी त्याच्या जवळजवळ दुप्पट.

मग शकुंतलेचं काय झालं? स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या ताब्यात आल्या, पण हे १८९ किलोमीटर कंपनीच्याच नावावर राहिले. गाडी मध्य रेल्वेनं चालवायची आणि मोबदला कंपनीला द्यायचा. वर्षाला १ कोटी २० लाखांचा आकडा बातम्यांत येत राहिला. अखेरच्या काळात तिकीट, सिग्नल, इंजिन जोडणं-सोडणं हे सगळं सात माणसं मिळून सांभाळत. आज दोन्ही फाट्यांवर गाडी नाही. रुळांत गवत वाढलंय.

तिच्या जागी आता ब्रॉड गेज, म्हणजे साडेपाच फुटी रूळ, हवाच. यवतमाळच्या, दर्यापूरच्या माणसाला दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला जायचंय. त्याला चार तासांची मौज परवडत नाही. पण १८९पैकी २० किलोमीटर राखले तर जाणार किती? साडेदहा टक्के. कुरोबेचा सगळा संसार तेवढ्यावर चालतो. अंजनगावच्या विड्याच्या पानमळ्यांपासून अचलपूरच्या संत्र्यांच्या बागांपर्यंतचा तुकडा त्याला साजेसा आहे. समोर गाविलगडाचे डोंगर, पुढे चिखलदरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी निघावं, डब्यात हुरडा आणि संत्री असावीत, संध्याकाळी परत.

मोठा गेज कधीही टाकता येईल. उखडलेला अडीच फुटांचा रूळ मात्र पुन्हा कोणी अंथरणार नाही. म्हणून अमरावती, अकोला आणि यवतमाळच्या लोकप्रतिनिधींनी ब्रॉड गेजच्या मागणीपत्रात या २० किलोमीटरची एक ओळ आत्ताच घालावी.