क्लेम नामंजूर झाला? वकिलाशिवाय, फुकटात दाद मागता येते

चंद्रपूर/गडचिरोली : दवाखान्याचं बिल खिशातून भरलं, कागदपत्रं पाठवली, महिना-दोन महिने वाट पाहिली आणि मोबाईलवर मेसेज आला, 'क्लेम नामंजूर'. आपल्याकडचे बहुतेक लोक इथंच थांबतात. कंपनी मोठी, आपण कास्तकार, कोर्टकचेरी कोण करणार? पण कंपनीचा नकार म्हणजे शेवटचा निकाल नाही. त्याच्या वर विमा लोकपाल आहे. तिथं फी नाही आणि वकील तर चालतच नाही, आपलं आपणच सांगायचं असतं. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी लोकपाल ऐकतात.

आधी मात्र कंपनीकडून नकाराचं पत्र घ्या. फोनवरचं 'नाही होत' धरू नका. पॉलिसीच्या कोणत्या अटीवर क्लेम नाकारला, हे पत्रात असायला पाहिजे. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या समितीची मंजुरी असल्याशिवाय क्लेम नाकारताच येत नाही.

आता कारणं पाहू, कारण खरी लढाई तिथंच असते.

मलेरिया, डेंग्यूच्या क्लेमवर 'भरती व्हायची गरज नव्हती' असा शेरा येऊ शकतो. एटापल्लीच्या आतल्या गावातून आणलेला तापाचा पेशंट रोज ये-जा करून सलाईन कसा लावणार, हे एसीत बसलेल्याला कळत नाही. म्हणून डॉक्टरांकडून लिहून घ्या : ताप किती होता, प्लेटलेट किती होते, भरती का केलं. हा एक कागद फार कामाचा आहे.

दुसरं कारण, 'हा दवाखाना आमच्या व्याख्येत बसत नाही'. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा पाहिजेत, ही अट खरी आहे. पण दवाखान्याची कायद्यानुसार नोंदणी असेल तर तीही चालते. नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागून घ्या.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, 'जुना आजार लपवला'. बीपी, शुगर, आपल्या भागात सिकलसेल. फॉर्म एजंटनं भरलेला असतो, आपण फक्त सही केलेली असते. त्या फॉर्मची प्रत कंपनीकडे मागा आणि त्यात काय लिहिलंय ते वाचा. पॉलिसी खंड न पडता ६० महिने चालू असेल, तर माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. म्हणून हप्ता चुकवू नका.

पत्र हाती आलं की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्यांचा ईमेल पॉलिसीच्या कागदांवर असतो. नियामकाच्या 'बीमा भरोसा'च्या १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, की लोकपालाकडे जायचं.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी लोकपालाचं कार्यालय पुण्याला आहे. घाबरू नका, तक्रार पोस्टानं किंवा ऑनलाइन जाते आणि सुनावणी व्हिडिओवरही होते. भामरागड, जिवतीकडे रेंजचा भरोसा नाही, त्या दिवशी रेंज असलेल्या गावी जाऊन बसा. पॉलिसी, नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि कंपनीला लिहिलेला अर्ज सोबत जोडा. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे, ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

सगळे कागद पोचल्यावर तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत पाळला नाही, तर पुढं दिवसाला ५ हजार रुपये कंपनीनं तक्रारदाराला द्यायचे.

निकाल विरोधात गेला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, चंद्रपूरला आणि गडचिरोलीलाही. तिथं दोन वर्षांची मुदत असते. पण आयोगात केस चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत, म्हणून आधी लोकपालाकडे गेलेलं बरं, असं मला वाटतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काम वेगळं. ती सरकारी योजना आहे, तिथं लोकपालाचा संबंध नाही. योजनेतल्या दवाखान्यानं पैसे मागितले किंवा परत पाठवलं, तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा आणि तिथूनच १५५३८८ ला फोन लावा.