हौद खाली, टाकी वर

पाणी कुठून? लातूरला मांजरा धरणातून, नांदेडला गोदावरीवरच्या विष्णुपुरीतून. नळ रोज येईलच असे नाही. म्हणून आधी जमिनीखालचा हौद, मग मोटर, मग गच्चीवरची टाकी. दुष्काळात तर धरणही पुरत नाही: 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पहिली पाणीरेल्वे लातूरला आली ती 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर घेऊन. म्हणजे हजार लिटरच्या 500 टाक्या.

हौद : 2 × 2 × 1.5 मीटर मापात 6,000 लिटर. सेप्टिक टँकपासून लांब. झाकणाची कड अंगणापेक्षा उंच, नाहीतर पहिल्याच पावसाचे गढूळ पाणी आत.

वजन : 1,000 लिटर पाणी म्हणजे 1 टन, टाकीचे वेगळे. जागा स्लॅबच्या मधोमध नव्हे, कॉलम-बीमच्या वर. प्लास्टिकच्या टाकीला सपाट, सलग ओटा लागतो.

दाब : उंचीच्या दर 10 मीटरला सुमारे 1 बार. टाकी मोठी घेतल्याने दाब वाढत नाही, उंच ठेवल्याने वाढतो. वरच्या मजल्यावरचा शॉवर रडतो तो यामुळेच: टाकी त्याच्या जेमतेम दोन-तीन मीटर वर असते. जिन्याच्या खोलीचा स्लॅब हा नेहमीचा उपाय.

सोलर : पॅनेलचे तोंड दक्षिणेला. बिनपंपाच्या सोलरमध्ये गरम पाण्याची टाकी पॅनेलच्या वरच्या कडेला, कारण तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते. गार पाण्याच्या टाकीचा तळ गरम टाकीहून उंच. हवेची नळी गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर, तोंड कायम उघडे; तिला कॉक बसवायचा नसतो.