सारायेवोचा सुरेल पूल

साल १९९६. जवळपास चार वर्षांचा वेढा सोसून बोस्नियाची राजधानी सारायेवो नुकतीच मोकळी झाली होती. फ्रान्सिस्कन धर्मगुरू इवो मार्कोविच यांना चर्चसाठी गायकवृंद उभा करायचा होता. पण पुरेसे कॅथलिक गायक शहरात उरलेच नव्हते. मग त्यांनी ऑर्थोडॉक्स, मुस्लिम, ज्यू साऱ्यांनाच हाक दिली. संगीताची धुरा योसिप काताविच यांनी सांभाळली. नाव ठरले ‘पोंतानिमा’, म्हणजे आत्म्यांचा पूल.

कालपर्यंत ज्यांची धास्ती होती, त्यांचीच प्रार्थना गायची, हे सुरुवातीला काहींना जड गेले. खुद्द मार्कोविच यांच्या वडिलांना १९९३मध्ये बोस्नियाक सैनिकांनी ठार केले होते. तरीही मुस्लिमांच्या ‘इलाही’ या भक्तिगीतांना त्यांनी वृंदात चर्चच्या स्तोत्रांशेजारीच मानाने जागा दिली.